सोंगटीची वंशावळ

तळ्याहून मांदाडच्या बाजूस गेले की राजपुरीच्या खाडीकाठी कुड्याची लेणी लागतात. सव्वीस लेणी आहेत. पण आम्हांस त्यांच्या शिल्पांपेक्षा शिलालेखांनी अधिक खिळवून ठेवले. येथील दाते आपली ओळख नात्याने देतात. महाभोज मांडव खंदपालित याचा लेखक शिवभूती हा आपण कोणाचा पुत्र, कोणाचा सेवक, पत्नीचे नाव नंदा, हे सारे खडकात नोंदवून ठेवतो. दात्यांत एक माळी आहे, एक लोखंडाचा व्यापारी आहे. इतक्या शतकांनंतर या माणसांची नाती लावताना तर्काला फारसे काम उरत नाही.

परतताना तळ्याच्या एसटी थांब्यावर चार मुले एकाच मोबाइलभोवती डोकी जुळवून 'लुडो किंग' खेळत होती. लेखांतली नाती डोक्यात घोळत असल्यामुळेच असेल, आम्हांस प्रश्न पडला : हा खेळ कोणाचा कोण?

व्हिडिओ गेमचे वर्गीकरण सहसा नेमबाजी, शर्यत, कोडी असे, म्हणजे खेळणारा काय करतो यावरून केले जाते. परंतु खेळाडूंनी दिलेली जुनी नावे पाहिली तर ती नात्याची आढळतात. १९९३ साली 'डूम' आला आणि त्यानंतरची काही वर्षे तसल्या प्रत्येक खेळाला 'डूमची नक्कल' म्हणत. पुढे नकला इतक्या झाल्या की मूळपुरुषाचे नाव गळाले आणि 'फर्स्ट पर्सन शूटर' हे केवळ रूपाचे वर्णन उरले. १९८० च्या 'रोग'चे नाव मात्र 'रोगलाइक' या शब्दात टिकले. पण २००८ मध्ये बर्लिनच्या परिषदेत रोगलाइकची लक्षणे ठरवण्यात आली, आणि कुळाचे नाव पुन्हा लक्षणांची यादी होऊन बसले. वटवाघूळ उडते म्हणून त्यास पक्ष्यांत घालावे, तसा हा प्रकार.

पटावरच्या खेळांच्या अभ्यासात हा घोळ जुनाच आहे. मरे या इंग्रज इतिहासकाराने १९५२ साली जगभरच्या पटखेळांचे रचना, युद्ध, शिकार, शर्यत आणि मंकला असे पाच वर्ग पाडले. ग्रंथ थोर, पण हे वर्ग रूपाचे. वंशाचा प्रश्न त्याआधी टायलरने १८७९ मध्ये विचारला होता. मेक्सिकोतील अ‍ॅझ्टेकांचा पातोली आणि आपली पचीसी, दोन्हींचा पट फुलीच्या आकाराचा, दोन्हींत दान टाकून सोंगट्या चालवायच्या. तेव्हा पातोली आशियातून गेला असावा, असे त्याचे अनुमान. १९५० मध्ये इरॅस्मस नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने त्यास हरकत घेतली. दान टाकून पटावर चालायचे एकदा ठरले की सुचण्याजोग्या गोष्टी मोजक्याच राहतात. त्या दोघांना वेगवेगळ्या सुचू शकतात. साम्य म्हणजे नाते नव्हे. (आपल्याकडे 'बैठे' आणि 'मैदानी' ही विभागणी तर खेळणाऱ्याच्या शरीरावरून आहे; तिच्या हिशेबाने मोबाइलवरचे क्रिकेट आणि बुद्धिबळ सख्खी भावंडे ठरतील!)

लुडोचे मात्र तसे नाही. येथे कागद आहे. इंग्लंडात १८९६ मध्ये त्याचे पेटंट घेतले गेले आणि त्याचा बाप पचीसी, याविषयी वाद नाही. सातासमुद्रापार काय काय गळाले ते पाहण्यासारखे आहे. कवड्या गेल्या आणि एकच चौकोनी फासा आला. पंचवीसचे दान, ज्यावरून खेळाचे नाव पडले, तेही गेले. पटाची प्रत्येक भुजा चोवीस घरांवरून अठरांवर आली. आणि पचीसीच्या पटावरील फुलीची बारा घरे, जेथे सोंगटी मारता येत नाही, तीही पुसली गेली.

हाच खेळ नवी मुंबईतल्या गेमेशन कंपनीने २०१६ मध्ये 'लुडो किंग' म्हणून मोबाइलवर आणला आणि २०२० च्या टाळेबंदीत तो घरोघरी पोहोचला. त्याच्या पडद्यावर काही घरांत तारा आहे. ताऱ्यावरची सोंगटी मारता येत नाही. इंग्रजांनी पुसलेले घर परत आले ते कसे? रक्तातून, की कोणाला नव्याने सुचून? टायलर आणि इरॅस्मस यांचा तंटा मुंबई-गोवा महामार्गाच्या इतक्या जवळ येऊन ठेपला आहे!

आमचा कौल रक्ताच्या बाजूस पडतो. इकडच्या घरांत लुडोचा छापील पट आला तेव्हा तो खेळणारी माणसे पचीसी, सारीपाट विसरलेली नव्हती. नियमांचा इंग्रजी कागद पेटीत राहिला असेल. हात जुन्याच वळणाने चालले असतील. अडचण एवढीच की घरगुती नियम कोणी कागदावर उतरवीत नाही, खडकात कोरणे तर दूरच. लुडोची ही मधली पिढी ज्यांच्या आठवणीत आहे, त्या आज्या आणि मावश्या एकेक करून जात आहेत. व्हिडिओ गेमची जुनी यंत्रे आणि संकेतावली जपणारे लोक जगभर आहेत. या आठवणींकडे मात्र कोणी वही घेऊन गेलेले आमच्या पाहण्यात नाही.

थांब्यावर एका मुलाचे दान पडले आणि तो ओरडला, "मार, मार त्याला!" शेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या आजींनी वाकून पडद्याकडे पाहिले. "अरे, ती फुलीवर हाय," त्या म्हणाल्या, "मारता नाय येत."

पडद्यावर तारा होता. एका साक्षीवर वंशावळ लागत नाही हे आम्हांसही कळते. तरी त्यांना विचारावे म्हणून आम्ही पुढे सरकलो, तोच इंदापूरची गाडी लागली आणि त्या उठल्या.