दर्यावरील उमेदवारी

श्रीविश्वकर्म्याच्या कृपाछत्राखाली वाढलेल्या आपल्या सुतार ज्ञातीस 'उमेदवारी' हा शब्द नवा नाही. वाकस हाती धरता आला म्हणजे मुलगा कारागीर झाला, असे आपल्या घरांतील कोणाही वडीलधाऱ्याने कधी मानले नाही. लाकडाची नस ओळखणे, ओल्या सागाला किती काळ सुकू द्यावे हे जाणणे, चाकाच्या तुंब्यात आरे ठोकताना हात नेमका कोठे आवरावा हे उमजणे, या गोष्टी मिस्त्रींच्या हाताखाली वर्षानुवर्षे राबल्याखेरीज साधत नाहीत. आज आपल्या मराठवाड्यातील तरुणही व्यापारी जहाजांवरील नोकरीकडे वळू लागले आहेत. प्रारंभीचे शिक्षण आटोपून, हाती दाखला घेऊन, 'आता पुढे काय?' असा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहतो. ज्याने समुद्र पाहिला पण ओळखला नाही, अशा नवशिक्याने अनुभव कोठे मिळवावा आणि सल्ला कोणाचा घ्यावा? इतिहासाच्या आधारे या प्रश्नाचा थोडा विचार करावा, असा या लेखाचा हेतू आहे.

फुलंब्रीपासून समुद्र फार दूर आहे, म्हणून दर्यावर्दीपणाशी आपला संबंध काय, असे कोणी म्हणेल. परंतु आपल्याच जिल्ह्यातील पैठण, म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान, हे समुद्रव्यापाराचे एक मूळ होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रंथात पैठणचा माल गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज कोरलेले आढळते. गाड्या आणि जहाजे या दोहोंमागे सुताराचा हात असणार, हे निराळे सांगावयास नको.

याच ग्रंथातील आणखी एक माहिती आपल्या विषयास फार जवळची आहे. भडोचच्या खाडीत भरती-ओहोटीचा वेग प्रचंड आणि पाण्याखाली वाळूचे बांध. नवख्या जहाजास आत शिरणे धोक्याचे. म्हणून राजाच्या चाकरीतील स्थानिक कोळी आपल्या होड्या घेऊन खुल्या समुद्रात सामोरे जात आणि परकी जहाजे सुखरूप बंदरात आणीत. अर्धे जग ओलांडून आलेला कसलेला नाविकही त्या ठिकाणी नवशिकाच ठरे, आणि किनाऱ्यावरील कोळ्याचे ऐकण्यात त्याला कमीपणा वाटत नसे.

शिवछत्रपतींनी आरमाराची मुहूर्तमेढ रोवली तेव्हाही हीच दृष्टी दिसते. १६५९ च्या सुमारास कल्याण-भिवंडीकडे जहाजबांधणी सुरू झाली, तेव्हा महाराजांनी रुई लैतांव व्हिएगस या पोर्तुगीज जाणकारास आणि त्याच्या माणसांस कामावर घेतले होते. पुढे पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या चिथावणीवरून ही मंडळी चाकरी सोडून गेली. पण काम थांबले नाही. जे ज्ञान आपणांजवळ नाही ते जाणत्याकडून घ्यावे आणि घेता घेता आपली माणसे तयार करावीत, हे धोरण त्यात दिसते. पुढे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या काळात हेच आरमार पश्चिम किनाऱ्यावरील युरोपीय सत्तांना भारी पडले.

इंग्रजी अमदानीत मात्र हा धागा तुटला. भारतीय माणूस खलाशी होऊ शके, सारंग होऊ शके. अधिकाऱ्याची जागा त्याच्यासाठी जवळजवळ बंद होती. सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांच्या सिंदिया कंपनीचे 'लॉयल्टी' जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले. त्या दिवसाच्या स्मरणार्थ १९६४ पासून राष्ट्रीय नौवहन दिन पाळला जातो. परंतु जहाज आपले असले तरी त्यावरील अधिकारी घडवायचे कोठे? १९२७ साली मुंबईस 'डफरिन' या जहाजावर भारतीय मुलांसाठी शिक्षण सुरू झाले, तेव्हा ही उणीव भरून निघू लागली. डफरिनवरील शिक्षण पुरे झाले म्हणजे कोणी अधिकारी होत नसे. त्यानंतर मालवाहू जहाजावर उमेदवारी करावी लागे, आणि मगच परीक्षेस बसता येई. पुढे १९७२ मध्ये 'राजेंद्र' हे जहाज आणि १९९३ मध्ये नवी मुंबईतील 'चाणक्य' ही संस्था डफरिनच्या जागी आली. जागा बदलल्या, शिक्षणानंतर उमेदवारी हा नियम बदलला नाही.

आता अलीकडील काळातील एक उदाहरण थोडे विस्ताराने सांगतो, कारण त्याची सुरुवात मुंबईतील सुतारांच्या हातांपासून होते. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा तरुण इंग्रज जहाज-अधिकारी मुंबईस असताना त्याने तेथील कारागिरांकडून सागवानाची ३२ फुटी शिडाची नौका बांधून घेतली. तिचे नाव 'सुहेली'. १९६५ च्या अखेरीस तो तीतून मुंबईहून निघाला व आफ्रिकेला वळसा घालून १९६७ मध्ये इंग्लंडला पोहोचला. हीच त्याची उमेदवारी म्हणावयाची. १४ जून १९६८ रोजी तो पुन्हा एकटा निघाला आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतला. असे करणारा तो जगातील पहिला माणूस. त्या शर्यतीत नऊजण उतरले होते. शेवटास गेली ती एकटी मुंबईची सुहेली.

पुढे व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या मनात आले, की भारतीयाने भारतात बांधलेल्या नौकेतून अशी प्रदक्षिणा करावी. १९७१ च्या युद्धात वीरचक्र मिळविलेले हे सेनानी निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यातील विंचुर्णी गावी राहत. त्यांच्या हाकेस २००६ मध्ये कमांडर दिलीप दोंदे यांनी ओ दिली. दोंदे हे नौदलातील पाणबुडे अधिकारी, शिकलेले, सरावलेले. तरीही एकट्याने महासागर ओलांडण्याचा अनुभव त्यांना नव्हता, आणि त्यांनी तो असल्याचा आव आणला नाही. ते सरळ इंग्लंडला गेले व नॉक्स-जॉन्स्टन यांच्या हाताखाली राबले. ६७ वर्षांचे ते वृद्ध नाविक त्या वेळी दुसऱ्या प्रदक्षिणेच्या शर्यतीची तयारी करीत होते. नौका सज्ज करण्याच्या त्या धावपळीत दोंदे यांना जे पाहावयास मिळाले, ते कोणत्याही वर्गात मिळाले नसते.

परत आल्यावर गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात 'म्हादेई' ही ५६ फुटी नौका आकारास आली. तिच्या बांधणीत दोंदे स्वतः लक्ष घालीत राहिले, कारण भर समुद्रात काही मोडले तर दुरुस्त करणारा दुसरा कोणी नसतो. फेब्रुवारी २००९ मध्ये नौका नौदलात दाखल झाली. त्यानंतरही ते लगेच प्रदक्षिणेस निघाले नाहीत. मॉरिशसपर्यंत सोबत्यांसह गेले आणि परतताना एकटे आले. मगच, नारळी पौर्णिमा उलटून दोन आठवडे झाल्यावर, १९ ऑगस्ट २००९ रोजी त्यांनी मुंबई सोडली. फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली व केपटाउन या चार बंदरांत थांबून १९ मे २०१० रोजी ते मुंबईस परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय होत.

याहून मोलाची गोष्ट पुढेच आहे. दोंदे यांना किनाऱ्यावरून साहाय्य करणारे अभिलाष टॉमी यांनी त्याच म्हादेईतून २०१२-१३ मध्ये न थांबता प्रदक्षिणा केली. २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी 'तारिणी' नौकेतून जगाला फेरी घालून आल्या. त्यांस दोंदे यांनी तयार केले होते. २०२४-२५ मध्ये दिलना के. व रूपा ए. या दोघींनी तीच वाट चोखाळली. त्यांचे मार्गदर्शक टॉमी. मुंबईच्या कारागिरांनी घडविलेल्या नौकेवर जे ज्ञान एका परक्याने मिळविले, ते असे फिरून आपल्या घरी आले व वाढले.

यावरून आपल्या तरुणांनी काय घ्यावे? जीव वाचविणे, आग विझविणे, प्रथमोपचार इत्यादी प्रारंभीचे अभ्यासक्रम अवश्यच आहेत. पण ती पटाशीला धार लावण्याइतकी तयारी होय. पहिल्या जहाजावर मिळेल ते काम घ्यावे आणि जुन्या सारंगाजवळ उभे राहून विचारावे. विचारण्यात लाज नाही; न विचारता दोर सोडण्यात प्राण जातो. रोज काय केले याची टिपणवही ठेवावी.

पालकांसही एक विनंती. मुलास जहाज मिळत नाही म्हणून अधीर होऊन, शेताचा तुकडा विकून, कोणा दलालाच्या हाती लाखो रुपये देऊ नयेत. खलाशांची भरती करणाऱ्या संस्थेस नौवहन महानिदेशालयाचा परवाना लागतो, आणि नोकरी लावून देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेण्यास कायद्याने मनाई आहे. जो पैसे मागतो तो अनुभव विकतो आहे. आणि अनुभव विकत मिळत नसतो, हे आपल्या ज्ञातीइतके दुसरे कोण जाणते?

ज्या तरुणांनी ही वाट धरली आहे, त्यांना जाणता गुरू लाभो, आणि उद्या नवशिक्यांना हात देण्याची बुद्धीही होवो, अशी श्रीविश्वकर्म्याच्या चरणी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.