तापी ते तेरणा : आपत्ती आणि स्त्रिया

तापीकाठच्या सुरत शहराला संकटे नवी नाहीत. १८३७ च्या एप्रिलमध्ये लागलेल्या आगीने शहराचा मोठा भाग भस्मसात केला आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात पुराने उरलेसुरले धुऊन नेले. १९६८ चा महापूर, १९९४ ची प्लेगची साथ आणि ऑगस्ट २००६ मध्ये शहराचा सुमारे तीनचतुर्थांश भाग पाण्याखाली घालणारा पूर या घटना अनेकांच्या स्मरणात आहेत. या साऱ्यांची नोंद झालेली आहे. पाणी किती चढले, उकाई धरणातून किती क्युसेक सोडले गेले, बाजाराचे किती नुकसान झाले, हे कागदोपत्री सापडते. त्या पाण्यात कोरडे सरपण कोणी शोधले आणि घागरभर गोड्या पाण्यासाठी कोण किती वेळ रांगेत उभे राहिले, हे मात्र क्वचितच कोणी लिहून ठेवले. निसर्ग स्त्री-पुरुष असा भेद करीत नाही हे खरे. पण त्याच्या तडाख्याची वाटणी समाजाची घडी करते. आपत्तींचा इतिहास या अंगानेही वाचावयास हवा.

सुरतेच्या दक्षिणेचे उधना या दृष्टीने अर्थपूर्ण ठिकाण आहे. तापीच्या खोऱ्यातून नंदुरबार, अमळनेर, जळगावकडे जाणारा लोहमार्ग येथूनच फुटतो. याच मार्गाने खानदेशातील असंख्य कुटुंबे उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत आली आणि यंत्रमागांच्या खडखडाटात स्थिरावली. या स्थलांतरामागे अवर्षणाचाही वाटा आहे. कोरडवाहू शेत करपले की घरचा पुरुष आधी सुरतेची गाडी धरी. मागे राहिलेली स्त्री गुरे, म्हातारी माणसे आणि देणेकऱ्यांचा तगादा सांभाळी. एकाच दुष्काळाची अशी दोन रूपे एकाच घरात नांदत. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील स्त्रिया फार मोठ्या संख्येने खडी फोडण्याच्या आणि माती वाहण्याच्या कामांवर आल्या. पुढे १९७७ च्या कायद्याने पक्क्या झालेल्या रोजगार हमी योजनेत स्त्री-पुरुषांना समान दराने मजुरी देण्याचे तत्त्व स्वीकारले गेले, त्यामागे या कष्टांची पार्श्वभूमी होती.

दुष्काळाविषयी स्वतःच्या अनुभवाने लिहिणारी स्त्री एकोणिसाव्या शतकात विरळाच. पंडिता रमाबाई ही त्यांतली थोर व्यक्ती होय. १८७० नंतरच्या दुष्काळी वर्षांत त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण अन्नान्न होऊन गेली, आणि रमाबाई भावाबरोबर पायी देशभर भटकल्या. गुजरातेत ‘छप्पनियो’ म्हणून आजही ओळखल्या जाणाऱ्या १८९९-१९०० च्या दुष्काळात त्यांनी सहकारी स्त्रियांना गुजरातेत पाठविले आणि शेकडो निराधार मुली व विधवा केडगावच्या मुक्तिसदनात आणल्या. त्यांच्या धर्मकार्याविषयी मतभेद झाले आणि ते आजही आहेत. परंतु भुकेल्या मुलीला भुकेइतकेच भय तिला फसवून पळविणाऱ्या माणसांचे असते, हे रमाबाईंनी ओळखले होते. धान्यवाटपाने भागणार नाही, निवारा आणि शिक्षण हवे, हा त्यांचा निष्कर्ष स्वानुभवातून आलेला होता.

या विषयाचे सर्वांत विदारक उदाहरण तेरणेच्या काठी घडले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांतील अनेक गावे जमीनदोस्त झाली. शासकीय आकड्यांनुसार सुमारे ७,९०० माणसे मृत्युमुखी पडली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचे वजनदार माळवद, अशी तिथली घरे होती. उन्हाळ्यात गारवा आणि थंडीत ऊब देणारी ही घरे त्या पहाटे कबरी झाल्या. मृतांत स्त्रिया आणि मुले यांचे प्रमाण अधिक होते, असे अभ्यासकांनी नोंदविले. कारण साधे होते. पुष्कळ पुरुष बाहेर, अंगणात वा शेतावर झोपत; बाईने मुलांना घेऊन आत निजावे, ही रीत. ज्या रीतीला मर्यादा आणि सुरक्षितता मानले, तीच जिवावर बेतली.

पुढची आपत्ती पुनर्वसनाची होती. मैत्रेयी कृष्णराज यांनी १९९७ साली लातूरच्या भूकंपाकडे स्त्रीच्या दृष्टीने पाहणारा अभ्यास प्रसिद्ध केला. घर आणि शेत पुरुषाच्या नावावर असले, की विधवेला आपला हक्क शाबीत करण्यापासून सुरुवात करावी लागते. भरपाईच्या रकमेवरून तिची सासर-माहेरात ओढाताण होते. तथापि याच भूमीत एक वेगळी घटनाही घडली. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून घरदुरुस्तीच्या कामात उतरल्या. ज्यांनी आजवर भिंत केवळ सारविली होती, त्या आता भिंतीत दगड कसा सांधावा हे शेजाऱ्यांना समजावून सांगू लागल्या. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छ हादरला, तेव्हा लातूरकडच्या याच स्त्रिया गुजरातेतील भूकंपग्रस्त बायांच्या मदतीला गेल्या. भाषा निराळी होती. दुःख ओळखीचे होते. शतकापूर्वी गुजरातेतील मुलींना आधार महाराष्ट्रात मिळाला होता. आता महाराष्ट्रातील स्त्रियांचे अनुभवज्ञान गुजरातेत पोचले.

हे ज्ञान उधन्याच्या उंबऱ्यापर्यंत यावयास हवे. लिंबायतच्या मिठी खाडीचे पाणी पावसाळ्यात काठच्या वस्त्यांत शिरते, तेव्हा यंत्रमाग थांबतो आणि कामगाराचा रोज बुडतो. हे नुकसान दिसते. परंतु याच वस्त्यांत स्त्रिया घरी बसून साड्यांना लेस लावतात, टिकल्या चिकटवितात, धागे कापतात. तो माल भिजला, तरी कोणत्याही हजेरीपटावर नाव नसल्याने त्यांची मजुरी पंचनाम्यात येत नाही. गुजरातेतील सरकारी कागदावरच्या ‘घरवखरी’ या एका शब्दात तिची भांडी, धान्य आणि रोजगार सारे बुडून जाते. वस्तीत पाणी असताना शौचाला अंधार पडेपर्यंत थांबणारी सून आणि तापलेले मूल उराशी धरून रात्र काढणारी आई तर त्या कागदावर येऊच शकत नाही.

ग्रंथालय हे समाजाच्या स्मृतीचे घर असते. शंभर वर्षांच्या कपाटांत दुष्काळ, पूर आणि साथी यांच्यावरचे ग्रंथ जरूर असतील. त्यांचे लेखक बहुतांशी पुरुष, आणि त्यांतली स्त्री बहुधा आकड्यांत लपलेली. १९६८ चा पूर, १९७२ चा दुष्काळ आणि १९९४ ची पळापळ पाहिलेल्या आज्या आजही तापीच्या दोन्ही अंगांना, अहिराणीत वा मराठीत, त्या आठवणी सांगतात. त्या ऐकून, लिहून, त्यांच्या नावानिशी कपाटात ठेवणे हे दुसऱ्या शतकात पदार्पण करणाऱ्या ग्रंथालयाला साजेसे काम ठरेल. पुढच्या पुरात कोणाकडे आधी होडी न्यावी, याचे उत्तर त्या वह्यांत सापडण्याची शक्यता मोठी आहे.