क्षयरोगाचे उपचार, हिपॅटायटिस बी आणि यकृत

क्षयरोगावरील पहिल्या फळीच्या चार औषधांपैकी आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन व पायराझिनामाइड ही तीन यकृताला इजा करू शकतात. इथॅम्ब्युटॉल त्या मानाने निर्धोक. हिपॅटायटिस बीचा जुना संसर्ग असेल तर या इजेचा धोका वाढतो. पण म्हणून क्षयाचे उपचार टाळायचे नसतात. यकृताचे कार्य चांगले असल्यास नेहमीचीच औषधे देतात, फक्त नजर अधिक बारीक ठेवावी लागते. सिऱ्हॉसिस (यकृतात व्रण साचून ते कठीण होणे) बळावलेला असेल तर पायराझिनामाइड सहसा वगळतात.

उपचारांआधी रक्तात एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीच्या संसर्गाची खूण), एसजीपीटी (यकृताला इजा झाल्यास वाढणारे विकर) व बिलिरुबिन (काविळीत वाढणारे पिवळे द्रव्य) तपासतात. त्यानंतर एसजीपीटी दर दोन ते चार आठवड्यांनी पाहणे इष्ट. पायराझिनामाइड चालू असलेले पहिले दोन महिने विशेष जोखमीचे असतात. याच काळात भूक मरते, मळमळते, उलट्या होतात आणि रुग्ण ‘पित्त झालं असेल’ म्हणून ते अंगावर काढतो. लघवी गडद होऊन डोळे पिवळे पडेपर्यंत गोळ्या चालूच राहिल्या, तर यकृत निकामी होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. अशी लक्षणे दिसताच त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

लक्षणांसह एसजीपीटी कमाल मर्यादेच्या तिपटीहून, किंवा लक्षणांविना पाचपटीहून वाढल्यास यकृताला घातक औषधे तत्काळ थांबवतात. सरकारी उपचारांत चार औषधे एकाच गोळीत असतात. त्यामुळे पुन्हा सुरुवात करताना सुटी औषधे लागतात. एसजीपीटी दुपटीच्या खाली आल्यावर बहुधा आधी रिफाम्पिसिन, काही दिवसांनी आयसोनियाझिड, असे एकेक औषध तपासण्या करत वाढवतात. यकृताची इजा गंभीर झालेली असल्यास पायराझिनामाइड पुन्हा देत नाहीत. मधल्या काळात इथॅम्ब्युटॉल, लिव्होफ्लॉक्सॅसिन यांसारख्या औषधांचा आधार घेतात.

एसजीपीटी वाढण्यामागे औषधाऐवजी विषाणूचा उद्रेकही असू शकतो. हा फरक ओळखायला रक्तातील विषाणूच्या डीएनएचे प्रमाण मोजावे लागते. विषाणूरोधक उपचारांची गरज असल्यास टेनोफोव्हिर डिसोप्रॉक्सिल किंवा एन्टेकॅव्हिर देतात. टेनोफोव्हिर अलाफेनामाइड मात्र रिफाम्पिसिनसोबत टाळतात, कारण रक्तातील त्याची पातळी घटते. विषाणूरोधक औषधे मध्येच सोडल्यास विषाणू उसळतो. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात हिपॅटायटिस बीचे निदान व उपचार मोफत मिळतात.

मद्य पूर्ण वर्ज्य. काविळीवरचा झाडपाला आणि काढेही टाळावेत. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत.