शेततळ्यात मासे, पण पाणी कुणाचं?

मामाचा फोन शक्यतो रविवारी सकाळी येतो. बाकीचे दिवस मी 'मीटिंगमध्ये' असतो हे त्याला पाठ झालंय. मामाचं शेत शेलूबाजारजवळ, मंगरूळपीर तालुका, वाशिम जिल्हा. (समृद्धी महामार्गावरून नागपूर-मुंबई करणाऱ्यांनी पाटी पाहिली असेल. उतरलं बहुतेक कुणीच नसेल!) यावेळी प्रश्न होता, "शेततळ्यात मासे टाकू का? तू तिकडं कॉम्प्युटरवर पाहून सांग नं बाप्पा."

पाहायला बसलो आणि नेहमीप्रमाणे भरकटलो. बीज कुठलं, खाद्य किती, अनुदान कसलं ही माहिती अर्ध्या तासात मिळते. मला पडला तो प्रश्न वेगळाच. आमच्यापासून अडीच-तीनशे किलोमीटरवर, त्याच विदर्भात, भंडारा-गोंदियाच्या झाडीपट्टीत गावागणिक तलाव आहे आणि तलाव म्हटला की मासे आलेच. आमच्याकडे मात्र शेतकऱ्याने मासे पाळलेत असं आजोबांच्या पिढीत कुणी ऐकलं नव्हतं. असं का?

पाऊस आणि माती हे सोपं उत्तर. तिकडे पाऊस जास्त, भाताची जमीन. आमच्याकडे कापसाची काळी माती, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. हे खरंच आहे, पण पुरेसं नाही.

झाडीपट्टीतले तलाव चांद्याच्या गोंड राजांच्या काळात वाढले. तलाव बांधणाऱ्याला जमिनीची सवलत, असा राजाश्रय होता आणि बांधणारे हात होते कोहळी समाजाचे. नवेगाव बांधचा प्रचंड तलाव कोलू पाटील कोहळीच्या नावाने ओळखला जातो. पुढे इंग्रजांनी मालगुजारी पद्धत आणली आणि हे सगळे 'मालगुजारी तलाव' झाले. मला त्यांचं जास्त कौतुक वाटतं ते त्यांच्या जोडणीचं. तलावाचं पाणी भाताला, तळातला गाळ शेतात, काठावर जनावरं, पाण्यात शिंगाडा, आणि मासे धिवरांचे. एकाचा कचरा दुसऱ्याचं खाद्य. आज ज्याला आपण 'एकात्मिक मत्स्यशेती' म्हणतो, ती तिथे कुणी योजना म्हणून आणलेली नव्हती.

मग 1950 चा मालगुजारी नष्ट करणारा कायदा आला. कायदा योग्यच होता, त्याबद्दल वाद नाही. पण तलाव सरकारजमा झाले आणि गाळ काढायचा कुणी, पाळ दुरुस्त करायची कुणी, हे प्रश्न गावातून उठून कार्यालयात गेले. सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. सिस्टिम 'हँडओव्हर' झाली, पण ती चालवणाऱ्यांच्या डोक्यातलं काहीच कागदावर नव्हतं.

आता वऱ्हाड. 1853 साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं आणि तिथे मुंबई इलाख्यासारखी रयतवारी लागू झाली. म्हणजे सारा भरणारा शेतकरी थेट सरकारशी बांधलेला. मध्ये मालगुजार नाही, त्यामुळे त्याचा जाच नाही, आणि त्याचा तलावही नाही! त्यात 1861 ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, कापसाचे भाव चढले, काही वर्षांत रेल्वे नागपूरपर्यंत पोचली, आणि वऱ्हाडची सगळी बुद्धी पांढऱ्या सोन्यात गेली. पाणी म्हणजे स्वतःची विहीर. गावाचं म्हणून साठवलेलं पाणी फारसं नव्हतंच.

वाशिमला तळी नव्हती असं नाही. वाकाटकांचं वत्सगुल्म ते हेच. परंपरेने इथे 108 तीर्थं सांगतात, पद्मतीर्थ अजून आहे. पण ती तीर्थं. तिथे माशांना लाह्या टाकायच्या, जाळं नाही.

1972 च्या दुष्काळानंतर रोजगार हमीतून पाझर तलाव झाले, धरणं झाली. तिथली मासेमारी ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांकडे जाते, आणि ते बरोबरच आहे, कारण भोई समाजाकडे दुसरं काय होतं? पण तलावाला लागून शेत असलेल्या शेतकऱ्याचा माशाशी संबंध आला तो बाजारात विकत घेण्यापुरताच.

म्हणून मला 2016 ची 'मागेल त्याला शेततळे' योजना इतिहासात महत्त्वाची वाटते. तिच्यावर टीका भरपूर झाली, आणि बोअरचं पाणी उपसून प्लास्टिकच्या तळ्यात भरायचं, ही गोष्ट मलाही वेडेपणाचीच वाटते. पण कोरडवाहू शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर उभं राहिलेलं पाणी आमच्या भागात यापूर्वी फार कमी होतं.

मामाचं तळं 30 बाय 30 मीटर, 3 मीटर खोल, अस्तर नाही. उतार धरून हिशेब केला तर साधारण 22 लाख लिटर. क्षेत्र 9 गुंठे. पुस्तकी प्रमाण हेक्टरी 5000 बोटुकली, म्हणजे इथे 450. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या, मृगळ तळाशी, म्हणजे तिघांची ताटं वेगळी. शेणामुळे पाण्यात प्लवंग वाढतात आणि ते मासे खातात. बदकं हेक्टरी 200 ते 300, म्हणजे आपल्याला 20-25. तेच खतावलेलं पाणी काठच्या भाजीला. हे बीज आज सहज मिळतं त्याचं श्रेय हिरालाल चौधरींना. पूर्वी या माशांचं बीज नदीच्या पुरातून पकडून आणावं लागे. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात अंगुल इथे चौधरींनी पीयूषिकेच्या अर्काचं इंजेक्शन देऊन माशांची पैदास करून दाखवली. 10 जुलैला राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन असतो तो यामुळे.

गाडी अडते ती कॅलेंडरवर. पुस्तकातलं तळं बारमाही आहे. मामाचं फेब्रुवारीत तळ दाखवतं. उन्हाळ्यात नुसत्या उन्हाने दिवसाला सेंटिमीटरभर पाणी उडतं, झिरपा वेगळाच.

इथे मला मोदाडुगु विजय गुप्ता भेटले (वाचनात!). आंध्रातल्या बापटलाचे हे शास्त्रज्ञ. बांगलादेशात त्यांनी रस्त्याकडेचे खड्डे, घरामागची डबकी, काही महिनेच पाणी राहणाऱ्या जागा घेतल्या, आणि लवकर वाढणारे मासे व घरातला कोंडा-शेण यांवर गरीब शेतकऱ्यांना, विशेषतः बायकांना, मत्स्यशेती शिकवली. 2005 चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. तळं माशाला शोभेल असं बनवण्याऐवजी त्यांनी तळ्याला शोभेल असा मासा निवडला.

मामाला मी तेच सांगितलं. अस्तरासाठी कर्ज काढू नको. प्लास्टिकवर चिखल नसतो, मग मृगळ तळाशी खाणार काय? आणि त्या घसरड्या उतारावरून पडलेलं माणूस वर येत नाही, दरवर्षी बातम्या येतात. जिरे घेऊ नको, जुलै-ऑगस्टमध्ये मोठी बोटुकली टाक, सायप्रिनस जास्त ठेव, जानेवारीत काढ. मासा पाव-अर्धा किलोचा होईल, किलोचा नाही. शेण एकदम ओतू नको. ते कुजताना ऑक्सिजन खातं, आणि ढगाळ दिवसानंतर पहाटे मासे वर येऊन तोंड उघडू लागले तर समजायचं की आता आणखी शेण नको.

मामा ऐकत होता. मग म्हणाला, "ते सगळं ठीक आहे. पण तुह्या मामीच्या गळ्यात माळ आहे."

हे माझ्या एक्सेल शीटमध्ये नव्हतं. आमच्याकडे घरटी एक माळकरी, घरात मासा येत नाही. मामी म्हणाली, पाळायचे आणि मारायचे, हे आपल्या वावरात नाही. तीन रविवार या विषयावर फोन झाले. कपाशीला त्या वर्षी भाव नव्हता, हेही त्यात होतं. अखेर तोड मामीनेच काढली. तळं मामाचं, शेण मामाचं. बीज टाकणं, मासे काढणं, विकणं हे सगळं गावातल्या एका भोई कुटुंबाचं. येतील ते पैसे निम्मे-निम्मे. काठावरच्या वांग्या-मिरच्या मामीच्या.

झाडीपट्टीत शेतकरी आणि धिवर यांची जी वाटणी होती, जवळपास तीच. मामीला मालगुजारी तलाव माहीत असण्याचं कारण नाही.

बदकांचं अजून ठरलेलं नाही. रात्री ती कुठे ठेवायची यावर वाद चालू आहे, कारण वावरात कुत्री फार आहेत.