विमान उडवलं कोणी ते कळतं, चालू कोणी केलं?

बीडच्या दक्षिणेला, बिंदुसरा धरणाच्या काठावर आमचं पाली. इथं विमानतळ नाही, धावपट्टी नाही. त्यामुळे विमानाच्या इंजिनाचा इतिहास हा माझा विषय आहे म्हटलं, की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "त्यात एवढं काय शोधायचं?" पेटची तयारी करणारेही हेच विचारतात, फक्त भाषा वेगळी: "यात रिसर्च गॅप कुठं आहे?" तर आज त्या गॅपबद्दलच लिहितो.

विमानांचा इतिहास वाचताना एक गोष्ट बघा. विमान कुठून सुटलं, किती वाजता पोचलं, वैमानिक कोण, सगळं सापडतं. सुटण्याआधीचा अर्धा तास मात्र बहुतेक वेळा गायब असतो. इंजिन एका झटक्यात लागलं, की माणसं घामाघूम झाली? हे कोणी लिहून ठेवायच्या भानगडीत पडत नाही. लिहिलं जातं ते फार मोठी अडचण झाली तरच.

अशी एक अडचण आपल्याला चांगली माहीत आहे. इंग्लंड ते भारत हा प्रवास एकट्यानं, ठरलेल्या मुदतीत करणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखानांनी ५०० पौंडांचं बक्षीस लावलं होतं. दिशा कोणतीही चालणार होती. १९३० च्या मे महिन्यात मुंबईचे जे. आर. डी. टाटा कराचीहून लंडनकडे निघाले होते, आणि सतरा वर्षांचा अस्पी इंजिनियर लंडनहून कराचीकडे. दोघांचीही विमानं जिप्सी मॉथ. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळच्या अबुकीरला दोघांची गाठ पडली. अस्पी तिथं अडकून पडला होता, कारण त्याच्याकडे चांगले स्पार्क प्लग नव्हते. जे. आर. डीं.नी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला दिले. अस्पी पुढे निघाला आणि बक्षीस त्यानंच जिंकलं. पुढे हाच मुलगा एअर मार्शल होऊन १९६० ते १९६४ या काळात हवाई दलाचा प्रमुख होता.

जे. आर. डीं.च्या चरित्रांत हा किस्सा दिलदारपणाचं उदाहरण म्हणून येतो. ते बरोबरच आहे. पण संशोधकानं इथं प्लगवर बोट ठेवून थांबायला हवं. ज्याच्यावाचून आख्खी शर्यत थांबते अशी ही वस्तू आहे तरी काय?

त्या काळच्या विमानी प्लगांत उष्णता आणि विजेचा दाब सोसण्यासाठी अभ्रकाचे पातळ पापुद्रे सर्रास वापरत. अभ्रकाच्या जागतिक व्यापारात तेव्हाच्या बिहारमधल्या कोडर्मा-हजारीबाग पट्ट्याचा वाटा मोठा होता. म्हणजे विलायतेत तयार झालेल्या वस्तूचा एक धागा आपल्याकडच्या खाणींपर्यंत येतो, आणि त्या खाणींत बायका-मुलंही राबत होती. प्लगला तेल किंवा काजळी धरली की ठिणगी पाहिजे तिथं पडायच्या ऐवजी त्या घाणीतून निसटून जाते. सिलिंडरमध्ये हवा आहे, पेट्रोल आहे, दाबही आहे, पण पेटवायला काही नाही. मॉथच्या इंजिनाला चार सिलिंडर आणि प्रत्येकाला दोन प्लग. त्यामुळे एखाद-दुसरा रुसला तर चालून जातं, बरेचसे रुसले तर विमान जागेवरच.

आता चालू करण्याची पद्धत. आपल्याकडं विहिरीवरचं ऑइल इंजिन ज्यांनी हँडल मारून चालू केलंय त्यांना हे पटकन कळेल. तिथं आपण आधी लिव्हर उचलून धरतो. दाब तयार होत नाही, जड चाक फिरून वेग घेतं, आणि मग लिव्हर सोडली की इंजिन धडधडतं. छोट्या विमानात असं जड चाक नाही. पुढचा लाकडी पंखा हेच त्याचं चाक, आणि तो माणसाच्या हातानं जेमतेम अर्धा फेरा फिरणार. एवढ्या मंद गतीत मॅग्नेटो, म्हणजे बॅटरीशिवाय ठिणगी तयार करणारं यंत्र, नीट वीज देत नाही. शिवाय चालत्या इंजिनात पिस्टन वर पोचायच्या थोडी आधी ठिणगी पडते. तशीच ती चालू करताना पडली तर पंखा उलटा झटका मारतो, आणि त्यात हात मोडू शकतो.

यावरची युक्ती मला फार आवडते. मॅग्नेटोला स्प्रिंगची एक जोडणी बसवतात. पंखा हळू फिरतो तेव्हा ती मॅग्नेटोला अडवून धरते, स्प्रिंग ताणली जाते, आणि ऐनवेळी सुटते. मॅग्नेटो क्षणभर जोरात फिरतो, ठिणगी दमदार पडते आणि उशिरा पडते. दोन्ही कामं एका स्प्रिंगनं होतात. ती सुटल्याचा 'टक्' असा आवाज बाहेर ऐकू येतो. पंखा फिरवूनही तो आवाज आला नाही तर जाणता मेकॅनिक पेट्रोलकडे बघायच्या आधी मॅग्नेटो उघडतो.

थंड इंजिनाचा त्रास वेगळा. पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून मॉथच्या काळात कार्बोरेटरची बारीक दांडी दाबून पेट्रोल ओघळेपर्यंत भरत, आणि स्विच बंद ठेवून पंखा काही वेळा फिरवत. ते जास्त झालं की इंजिन 'फ्लड'. आपण स्कूटरचा प्लग काढून पुसतो तीच अवस्था. मग स्विच बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, आणि पंखा उलटा फिरवून जादा पेट्रोल बाहेर काढायचं. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या विमानांत उलट अडचण येते. मे महिन्याच्या दुपारी उतरून इंजिन बंद केलं, की वरच्या बारीक नळ्यांतलं पेट्रोल तापून त्याची वाफ होते. पंपानं नवं पेट्रोल ढकलल्याशिवाय ते लागत नाही. थंड इंजिनाची पद्धत गरम इंजिनाला लावली की ते हमखास फ्लड होतं.

या सगळ्यात पंख्यासमोर उभा असलेला माणूस कोण? मॅग्नेटोचा स्विच बंद करणं म्हणजे त्याची वीज एका तारेतून जमिनीला, म्हणजे इंजिनाच्या धातूला, जोडणं. ती तार तुटलेली असेल तर स्विच 'बंद' दाखवतो आणि मॅग्नेटो जिवंत असतो. पंखा नुसता हलवला तरी इंजिन पेट घेऊ शकतं. म्हणून वैमानिक आणि खालचा माणूस एकमेकांना ओरडून सांगत: "स्विच ऑफ", उत्तर "स्विच ऑफ", आणि शेवटी "कॉन्टॅक्ट". हा संवाद म्हणजे शिष्टाचार नव्हता, खालच्याचा जीव त्यावर होता.

१५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आले. अहमदाबादला पेट्रोल बैलगाडीतून आणलं होतं, हे सगळे चवीनं सांगतात. पण तिथं इंजिन गरम होतं आणि ते पुन्हा चालू करायचं होतं. बैलगाडी दिसते, पंखा फिरवणारा हात दिसत नाही. गॅप म्हणतात ती ही.

ती भरायची तर वैमानिकाच्या लॉगबुकावर थांबू नका. विमानाचं स्वतःचं लॉगबुक असतं आणि इंजिनाचं वेगळं असतं. किती तास चाललं, उघडलं कधी, काय बदललं, हे इंजिनाच्या वहीत असतं. सिनॉप्सिसमध्ये साधनं लिहिताना 'वर्तमानपत्रं आणि चरित्रं' एवढ्यावर भागवलंत तर गाइड काही बोलणार नाहीत कदाचित, पण प्रबंध वैमानिकांचाच होईल. फ्लाइंग क्लबची जुनी कपाटं उघडायला मिळाली तर मी आधी ती तेलकट डागांची वही मागेन. कामाच्या नोंदीखाली सही असते, आणि ती सही वैमानिकाची नसते.