विकले काय, उरले काय? : एअर इंडियाच्या विक्रीचा इतिहास



आजच्या स्मृतिव्याख्यानासाठी मी संतवाङ्मय सोडून एका विमान कंपनीच्या विक्रीचा विषय घेतला, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मी अर्थशास्त्राचा अभ्यासक नव्हे. आयुष्य गेले ते शब्दांच्या संगतीत. या विषयाकडे मला ओढले तेही शब्दांनीच. २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया टाटा समूहाच्या स्वाधीन झाली. तेव्हा सरकारी कागदांत शब्द होता ‘निर्गुंतवणूक’. वृत्तपत्रांना ती ‘घरवापसी’ वाटली. आणि टीकाकार म्हणाले, घरातले दागिने विकले. एकाच व्यवहाराला तीन नावे पडतात, तेव्हा मुळातून इतिहास पाहिल्यावाचून गत्यंतर नसते.

प्रारंभ आपल्या हैदराबादपासूनच करतो. १९४५ साली स्थापन झालेली डेक्कन एअरवेज ही निजाम सरकार आणि टाटा यांची भागीदारी होती. तिची डकोटा विमाने बेगमपेठच्या धावपट्टीवरून उडत. सरकारने व्यापाऱ्याबरोबर विमान कंपनी चालवण्याचा प्रयोग आपल्या शहराने असा फार आधी पाहिला होता.

स्वतंत्र भारत सरकारने तोच मार्ग परदेशी वाहतुकीसाठी पत्करला. मार्च १९४८ मध्ये एअर इंडिया इंटरनॅशनल स्थापन झाली. तिच्यात सरकारचा वाटा ४९ टक्के, टाटांचा २५ टक्के आणि उरलेला जनतेचा होता. त्याच वर्षी ८ जूनला ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला गेले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून मुंबईस स्वतः टपाल घेऊन आलेले जे. आर. डी. टाटा या प्रवासात होते.

ही भागीदारी जेमतेम पाच वर्षे टिकली. महायुद्धानंतर जुनी विमाने स्वस्तात मिळू लागली, परवाने सढळ हाताने दिले गेले आणि देशांतर्गत कंपन्यांची गर्दी होऊन बहुतेक तोट्यात आल्या. १९५० च्या न्या. राजाध्यक्ष समितीने त्यांनी आपखुशीने एकत्र यावे, असे सुचवले. सरकारने मात्र १९५३ मध्ये कायदा करून सर्वांचे राष्ट्रीयीकरण केले. डेक्कन एअरवेजसह देशांतर्गत कंपन्या इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाल्या. परदेशी वाहतुकीसाठी वेगळे महामंडळ झाले. जे. आर. डी. यांना हा निर्णय मान्य नव्हता. तरीही नव्या महामंडळाचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले आणि १९७८ पर्यंत सांभाळले. त्या वर्षी मोरारजी देसाई सरकारने त्यांना दूर केले.

येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. एअर इंडियाचे वैभव सरकारी मालकीच्या काळातलेच आहे. १९६२ मध्ये केवळ जेट विमाने चालवणारी जगातली पहिली कंपनी होण्याचा मान तिला मिळाला, तेव्हा ती पूर्णतः सरकारी होती. म्हणून ‘सरकारी म्हणजे बुडीत’ हा सिद्धान्त इतिहासाला मानवत नाही. दोष मालकीत कमी आणि हिशेबात अधिक होता. सेवा कोणती, धंदा कोणता, हे कधी वेगळे लिहिलेच गेले नाही. संकटकाळची उड्डाणे, अतिविशिष्ट व्यक्तींचे दौरे व त्यांची थकलेली बिले, सरकारच्या इच्छेने चालणारे मार्ग, सारे एकाच वहीत. पुढे १९९० च्या दशकात खासगी स्पर्धा आली. तशात २००५-०६ च्या सुमारास दोन्ही कंपन्यांसाठी मिळून १११ विमानांची मागणी नोंदवली गेली, तीही मुख्यतः कर्जावर. २००७ मध्ये भिन्न घडणीच्या या दोन संस्था एकत्र बांधल्या गेल्या. त्यानंतर निव्वळ नफ्याचे वर्ष उजाडले नाही.

विक्रीचे घोंगडेही वीस वर्षे भिजत पडले. २००१ मध्ये टाटा आणि सिंगापूर एअरलाइन्स एकत्र पुढे आले होते, पण राजकीय विरोध पाहून सिंगापूरने माघार घेतली. २०१८ मध्ये सरकारने ७६ टक्के हिस्सा विकायला काढला. एकही बोली आली नाही. अखेर १०० टक्के विकण्याचे ठरले आणि ८ ऑक्टोबर २०२१ रोजी टाटा सन्सच्या टॅलेस या उपकंपनीची १८,००० कोटींची बोली मान्य झाली. (पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि सिंगापूर एअरलाइन्सला २५.१ टक्के हिस्सा मिळाला. २००१ चा पाहुणा तेवीस वर्षांनी घरात आला.)

आता त्या १८,००० कोटींची फोड पाहा. त्यांत १५,३०० कोटी म्हणजे खरेदीदाराने पत्करलेले कर्ज. रोख केवळ २,७०० कोटी. कंपनीवरचे एकूण कर्ज ६१,५६२ कोटी होते. उरलेले ४६,२६२ कोटी एका सरकारी कंपनीकडे वळवण्यात आले. तिच्याकडेच इमारती आणि जमिनी गेल्या. मुंबईच्या नरिमन पॉइंटची प्रसिद्ध इमारत १,६०१ कोटींना महाराष्ट्र शासनाकडे देण्यास केंद्राने २०२४ मध्ये मान्यता दिली. हुसेन, गायतोंडे, बी. प्रभा यांच्या कलाकृती असलेला संग्रह राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे गेला. थोडक्यात, विमाने गेली, चित्रे राहिली, आणि कर्जाचा मोठा भाग आपणा सर्वांच्या माथी राहिला. ‘घरवापसी’ या गोड शब्दात ही शेवटची बाब दिसत नाही. ‘दागिने विकले’ म्हणणाऱ्यांनाही ते दागिने गहाण पडले होते, याचा विसर पडतो.

एक आठवण सांगून थांबतो. याच शाळेचा माझा एक विद्यार्थी १९९० मध्ये कुवेतला हिशेबनीस होता. इराकने कुवेत व्यापल्यावर सुमारे दोन महिन्यांत एक लाखाहून अधिक भारतीयांना जॉर्डनच्या अम्मानहून विमानाने आणले गेले. त्यात एअर इंडियाचा वाटा सर्वांत मोठा होता. एका पिशवीनिशी परतलेला तो मुलगा मला म्हणाला, “सर, विमानाच्या अंगावर देवनागरी अक्षरे वाचली आणि तिथेच घरी पोहोचलो.” जानेवारी २०२२ मध्ये त्याचा दूरध्वनी आला. “सर, आता पुन्हा तशी वेळ आली, तर विमान कोण पाठवील?” माझ्यापाशी उत्तर नव्हते.

ते महिनाभरातच मिळाले. युक्रेनमध्ये युद्ध पेटले आणि २६ फेब्रुवारीला बुखारेस्टहून २१९ भारतीयांना घेऊन पहिले विमान मुंबईत उतरले. ते एअर इंडियाचेच होते. नुकतेच खासगी झालेले. मागोमाग इतर खासगी कंपन्यांची आणि वायुदलाची विमानेही गेली. खर्च सरकारने सोसला. १९९० मध्ये जे हुकमाने झाले, ते २०२२ मध्ये भाडे मोजून झाले. मी त्याला कळवले, “विमान विकता येते, ते पाठवण्याची जबाबदारी विकता येत नाही. ती सरकारचीच होती आणि सरकारचीच आहे.”

मित्रहो, शाळा असो, ग्रंथालय असो वा विमान कंपनी, सार्वजनिक संस्था हाती घेताना सेवेचा रकाना आणि धंद्याचा रकाना पहिल्याच दिवशी वेगळा आखावा. तो आखला नाही, तर पुढे विकताना काय विकले हे विकणाऱ्यालाही कळत नाही, आणि देणे मात्र पुढच्या पिढीच्या नावावर चढते.