इन्सब्रुकचे तीन दिवस आणि सुलेमान नावाचा हत्ती

माझा एक जुना विद्यार्थी म्युनिकला नोकरी करतो. तिकडे कॉर्पस क्रिस्तीचा सण नेहमी गुरुवारी येतो. शुक्रवारी रजा टाकली की चार दिवसांची जोडून सुट्टी मिळते. त्याने फोनवर विचारले, "सर, इन्सब्रुकला चाललोय. तीन दिवसांत काय काय बघू?" आणि पुढे सहज म्हणाला, "तिथे आपलं असं काही नसेलच म्हणा."

त्याच्या प्रश्नाचे उत्तर मी त्याला पाठवले. त्या शेवटच्या वाक्याचे उत्तर मात्र सगळ्यांसाठी लिहावेसे वाटले. आपल्यातला माणूस युरोपात गेला की कॉर्डोबा आणि ग्रॅनडा गाठतो, कमानी पाहून हळहळतो आणि परत येतो. हरवलेले घर पाहायला जाणे समजू शकते. पण ज्यांनी ग्रॅनडा घेतले, त्यांच्या सोयऱ्यांचे घरही एकदा पाहायला हवे. ते आल्प्सच्या कुशीत, इन्सब्रुकला आहे.

नावाचा अर्थ साधा आहे, इन नदीवरचा पूल. दक्षिणेला ब्रेनर खिंड आहे. तिची उंची जेमतेम 1370 मीटर, म्हणजे आल्प्सच्या मानाने बुटकीच. त्यामुळे जर्मनी आणि इटलीचा व्यापार शतकानुशतके इथूनच गेला. जवळच श्वाझला चांदीच्या खाणी होत्या आणि हालला मिठाचे उत्पादन होते. 1490 मध्ये हा तिरोल प्रांत हाब्सबर्ग घराण्यातल्या मॅक्सिमिलियनच्या हाती आला आणि त्याने इन्सब्रुकला दरबार थाटला.

पहिला दिवस जुन्या शहरासाठी ठेवावा. चौकात मॅक्सिमिलियनने 1500 च्या सुमारास बांधलेला सज्जा आहे. त्याच्या छपरावर सोन्याचा मुलामा दिलेले 2657 तांब्याचे पत्रे आहेत, म्हणून त्याला 'सोनेरी छप्पर' म्हणतात. सगळे छपराचा फोटो काढतात. आपण नजर थोडी खाली आणावी. सज्जाच्या कठड्यावर दगडात कोरलेले नर्तक अंग वेडेवाकडे मुरडून उड्या मारताना दिसतात. हे 'मोरिस्का' नर्तक. मोरिस्का म्हणजे मूरांचा, म्हणजे स्पेन आणि उत्तर आफ्रिकेतल्या मुसलमानांचा, असे समजला जाणारा नाच. तो त्या काळी युरोपभरच्या दरबारांत लोकप्रिय होता. नाचणारे खरे मूर नसत, नाव तेवढे मूरांचे.

आता तारखा शेजारी ठेवून पाहा. 1492 मध्ये अ‍ॅरागॉनचा फर्डिनांड आणि कॅस्टिलची इसाबेला यांनी ग्रॅनडा घेतले. 1496 मध्ये त्यांची मुलगी हुआना मॅक्सिमिलियनच्या मुलाला, फिलिपला, दिली गेली. सोनेरी छपराचे काम चालू होते त्याच सुमारास, 1499 पासून, ग्रॅनडात मुसलमानांचा सक्तीने बाप्तिस्मा सुरू झाला. 1502 मध्ये कॅस्टिलमधल्या मुसलमानांपुढे दोनच वाटा ठेवल्या गेल्या: धर्म बदला किंवा देश सोडा. बाप्तिस्मा घेतलेल्यांना पुढे 'मोरिस्को' म्हणू लागले. एका व्याह्याच्या राज्यात मोरिस्को घडवले जात होते आणि दुसऱ्याच्या सज्जावर मोरिस्का कोरला जात होता. यात कट नव्हता. ज्याची भीती उरलेली नाही, त्याची करमणूक होते, एवढाच त्याचा अर्थ मी लावतो.

मूळ शिल्पे आता तिथल्या प्रांतीय वस्तुसंग्रहालयात आहेत, सज्जावर प्रतिकृती आहेत. वेळ असेल तर दोन्ही पाहावीत.

मात्र त्या चौकातून निघताना फक्त आपले दुःख घेऊन निघू नये. 25 फेब्रुवारी 1536 रोजी याच छपरासमोर याकोब हुटर या माणसाला जिवंत जाळले. तो मुसलमान नव्हता, ख्रिस्तीच होता. बाप्तिस्मा अजाण बाळाला नव्हे, समजत्या माणसाने स्वतःहून घ्यावा, असे मानणाऱ्या पंथाचा तो पुढारी. त्याच्या अनुयायांचे वंशज, हुटराइट, आज कॅनडा आणि अमेरिकेत शेती करून राहतात. तेव्हा इथे राज्य होते पहिल्या फर्डिनांडचे. मॅक्सिमिलियन त्याचा आजोबा आणि ग्रॅनडा जिंकणारा फर्डिनांड आईकडचा आजोबा. जी सत्ता परक्याचा धर्म सहन करत नाही, ती आपल्यातल्या वेगळ्यालाही सोडत नाही. वर्गात हे वाक्य मी फळ्यावर लिहून दिले असते.

संध्याकाळी दरबारी चर्च पाहावे. मॅक्सिमिलियनची भव्य कबर तिथे आहे, पण रिकामी. त्याला पुरले वीनर नॉयश्टाट इथे. कबरीभोवती ब्राँझचे 28 मोठे पुतळे उभे आहेत. त्यांत सून हुआना आहे आणि व्याही फर्डिनांडही.

दुसऱ्या दिवशी शहराबाहेरचा आम्ब्रास किल्ला. पहिल्या फर्डिनांडचा मुलगा, त्याचेही नाव फर्डिनांडच, तिरोलचा अधिपती होता. 1556 मध्ये तो हंगेरीत उस्मानी तुर्कांविरुद्धच्या मोहिमेवर गेला होता. आम्ब्रासला त्याने शस्त्रांचा आणि नवलाईच्या वस्तूंचा मोठा संग्रह केला. त्यात तुर्की शस्त्रे आणि सरंजामही होता. ज्याच्याशी लढायचे, त्याचीच कारागिरी जपून ठेवायची, हे पाहून आपल्याला नवल वाटू नये. दख्खनमध्ये युरोपी पात्याच्या तलवारीला 'फिरंग' म्हणत आणि मराठे सरदार ती अभिमानाने बाळगत. फिरंगी नकोसा होता, त्याचे पोलाद हवे होते. आणि आपणही पोर्तुगीज, फ्रेंच, इंग्रज असा फरक न करता सगळ्यांना एकच 'फिरंगी' शब्द लावून मोकळे झालो होतो. परक्याला आपल्या सोयीचे नाव देण्याची खोड एकट्या युरोपची नाही.

तिसऱ्या दिवशी ब्रेनर खिंड ओलांडणारी रेल्वे पकडून ब्रिक्सेनला जावे. पहिल्या महायुद्धानंतर हा भाग इटलीत गेला, तरी लोक मुख्यतः जर्मन बोलतात. 1551 च्या हिवाळ्यात याच रस्त्याने एक हत्ती आला. पोर्तुगालचा राजा तिसरा जोआंव याने तो आपल्या बायकोच्या भाच्याला, पहिल्या फर्डिनांडच्या थोरल्या मुलाला, भेट दिला होता. या भाच्याचे नाव पणजोबाचे, मॅक्सिमिलियन. हत्ती जेनोआला जहाजातून उतरला आणि आल्प्स चढत व्हिएन्नाकडे निघाला. ब्रिक्सेनला त्याने सुमारे दोन आठवडे मुक्काम केला आणि जानेवारी 1552 मध्ये इन्सब्रुकला पोहोचला. ब्रिक्सेनच्या त्या सराईचे नाव आजही 'हत्ती' आहे आणि तिच्या भिंतीवर त्याचे चित्र आहे.

हत्ती आशियातून पोर्तुगीजांच्या समुद्रमार्गाने लिस्बनला गेला होता. त्या मार्गाची आशियातली राजधानी होती आपले गोवा. आल्बुकर्कने ते 1510 मध्ये आदिलशाहीकडून घेतले, तेव्हा शहरातल्या मुसलमानांची कत्तल झाली होती. म्हणजे आल्प्समधल्या बर्फात उभ्या त्या हत्तीचा धागा कोकणच्या किनाऱ्याला येऊन मिळतो.

त्या हत्तीचे नाव ठेवले होते सुलेमान. 1526 मध्ये मोहाचची लढाई जिंकून हंगेरीचे राज्य मोडणारा आणि 1529 मध्ये व्हिएन्नाला वेढा घालणारा सुलतान सुलेमान तेव्हा हयात होता, जोरात होता. त्याला रणांगणावर वाकवता येत नव्हते, म्हणून त्याच्या नावाचे जनावर माहुताच्या अंकुशाखाली गावोगाव फिरले. जनावर 1553 मध्ये व्हिएन्नात मेले आणि त्याच्या हाडांची एक खुर्ची बनवली गेली. ती क्रेम्सम्युन्स्टरच्या मठात आहे.

एवढे वाचून कुणाच्या मनात कडवटपणा आला असेल, तर त्याने दोन वर्षे लक्षात ठेवावीत. 1908 मध्ये ऑस्ट्रियाने बोस्निया आपल्या राज्याला जोडला, तिथले मुसलमान प्रजा झाले आणि 1912 मध्ये कायद्याने इस्लामला मान्यता मिळाली. ती द्यायला सुलेमानाच्या शत्रूंचे वंशजच गादीवर होते. 1964 मध्ये इन्सब्रुकला हिवाळी ऑलिंपिक झाले, त्याच वर्षी ऑस्ट्रियाने तुर्कस्तानशी कामगार आणण्याचा करार केला. आज हलाल जेवण शोधायला तिथे अडचण येत नाही, त्यामागे तो करार आहे. हां, ऑस्ट्रियात रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात; सामान शनिवारीच घ्यावे.

रविवारी ब्रिक्सेनहून परतल्यावर उन्हाळ्यातला उजेड बराच वेळ असतो. तेव्हा हुंगरबुर्गच्या डोंगरी रेल्वेने वर जावे. 2007 मध्ये सुरू झालेल्या या रेल्वेची स्थानके वितळत्या बर्फासारखी दिसतात. समोर बेर्गइझेल टेकडीवर स्की उड्डाणाचा मनोरा आहे. दोन्हींची रचना झाहा हदीदची. ती 1950 मध्ये बगदादला एका मुस्लिम कुटुंबात जन्मली आणि 2004 मध्ये वास्तुकलेचे प्रित्झकर पारितोषिक मिळवणारी पहिली स्त्री ठरली. तिच्यावर 'मुस्लिम वास्तुकार' अशी पाटी लावण्याचा मोह मात्र टाळावा. तेही सोयीचे नाव देणेच होईल.

वरून खाली पाहिले की सोनेरी छप्पर नखाएवढे दिसते. त्या छपराखालच्या नर्तकांना स्वतःचे नाव नाही. हत्तीला होते ते दुसऱ्याचे होते. वर पोहोचवणाऱ्या स्थानकांवर बगदादच्या मुलीचे नाव आहे आणि ते तिचे तिनेच कमावलेले आहे.